रशियातून आलेलं लॉगिन

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहराजवळ एका छोट्या पाणीपुरवठा योजनेचा पंप नोव्हेंबर २०११मध्ये जळाला. पंप जळणं ही काही बातमी नव्हे. पण नियंत्रण यंत्रणेचे जुने लॉग चाळताना पाच महिन्यांपूर्वीची एक नोंद सापडली: रशियातल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून कुणीतरी आत आलं होतं. राज्याच्या दहशतवादविरोधी गुप्तवार्ता केंद्राने तातडीने अहवाल काढला, तो फुटला आणि परकीय हॅकरांनी पाणी योजनेवर घाला घातल्याचे मथळे झळकले.

त्या आयपी अ‍ॅड्रेसशेजारीच वापरणाऱ्याचं नावही होतं. यंत्रणेचं काम पाहणाऱ्या कंत्राटदाराचं. तो जूनमध्ये सहकुटुंब रशियात फिरायला गेला होता. योजनेवरून मदत मागितली गेली, म्हणून त्याने तिथूनच लॉगिन केलं. त्याला एक फोन लावावा, हे अहवाल लिहिणाऱ्यांना सुचलं नाही. एफबीआयचे लोक त्याच्याशी बोलले तेव्हा उलगडा झाला. पंप आपल्या मरणाने मेला होता.

अशा गफलतींत माणसाच्या आळसाइतकाच गणिताचाही हात असतो. समजा, दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यांतल्या १० खऱ्या घुसखोरीच्या आहेत. पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर शंभरात एकदाच चुकतं. तरी ते सुमारे १० हजार निरपराध नोंदींवर बोट ठेवणार. स्टेफान अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने १९९९मध्ये हाच मुद्दा मांडला होता. एवढ्या गर्दीत लाल अक्षरांतला अलर्ट म्हणजे फार तर तक्रार; गुन्हा सिद्ध व्हायचा असतो.

तो सिद्ध करायचा कसा? आधी घड्याळ पाहावं. लॉग बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे सकाळी दहाचं साधं लॉगिन लॉगमध्ये पहाटे साडेचारचं दिसतं आणि उगाच संशय येतो. मग यंत्र कुणाचं, हे शोधावं. कित्येकदा ‘हल्लेखोर’ म्हणजे आपल्याच ऑफिसचा कच्चे दुवे तपासणारा स्कॅनर निघतो. विंडोजवरचा हल्ला लिनक्सच्या सर्व्हरवर आदळला असेल, तर घाई नाही. खरा प्रश्न पुढचा: त्या सर्व्हरने उत्तर दिलं का? पन्नास चुकीच्या पासवर्डांनंतर एक बरोबर लागला का? लगेच एखाद्या अनोळखी पत्त्याकडे डेटा जाऊ लागला का? फायरवॉलचा लॉग आणि सर्व्हरचा लॉग, दोघांची साक्ष जुळली तर मात्र झोप उडायला हवी.

तेव्हाही यंत्राचं बटण बंद करू नये. मेमरीतला पुरावा त्याच क्षणी जातो. नेटवर्कची वायर काढावी.

पडताळणीच्या नावाखाली चालढकल करणाऱ्यांसाठी ‘टार्गेट’चं उदाहरण आहे. २०१३च्या नोव्हेंबरअखेरीस या अमेरिकी दुकानसाखळीच्या यंत्रणेने घुसखोरीचा इशारा दिला. बेंगळुरूच्या चमूने तो मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही. तिथे कुणी हललं नाही. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. शहानिशा करून इशारा खोटा ठरवला असता, तर निदान निर्णय चुकला म्हणता आलं असतं. इथे तर इशारा पोचूनही हालचालच झाली नाही.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं. तेवढ्या वेळात सर्व्हरचा मालक, कंत्राटदार आणि रजेवरचा अ‍ॅडमिन यांना गाठायचं, तर त्यांचे नंबर हाताशी हवेत, आणि तेही कागदावर. मेलमध्ये ठेवलेली यादी घुसखोरही वाचत असेल. संशयित खात्यालाच ‘हे तुम्हीच का?’ अशी मेल करणारे महाभागही असतात. उत्तर अर्थातच ‘हो, मीच’ असं येतं.