पहिला गुन्हा आणि पेठेची जबाबदारी

पुणे शहराचे आद्य स्थान म्हणून जिचा उल्लेख होतो, जिजाबाईंनी बाल शिवाजीसह जेथे वास्तव्य केले आणि जिच्या गणपतीला ग्रामदैवताचा व विसर्जनाच्या मिरवणुकीतील पहिला मान आजही आहे, त्या कसबा पेठेचा संसार शतकानुशतके आळ्यांच्या हिशेबाने चालत आला. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा ही नावेच सांगतात की येथे शेजार आणि व्यवसाय यांची फारकत झालेली नव्हती. या व्यवस्थेत जातीची बंधने कडक होती, स्त्रियांना आणि दुर्बळांना तिचा जाच होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक गुण निःसंशय होता. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा भर दुपारी शाळा बुडवून नदीकाठी भटकतो आहे ही वार्ता दिवेलागणीच्या आत त्याच्या घरी पोहोचत असे, आणि ती पोहोचविणाऱ्याला कोणी ‘तुम्हांला काय करायचे आहे?’ असे विचारीत नसे. आज पुष्कळ घरी आपल्या मुलाविषयीची पहिली वार्ता पोलीस ठाण्याहून येते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. नारळ सोलण्याचे आणि ऊस तोडण्याचे हे साधे हत्यार परजून दहशत माजविणाऱ्या टोळक्यांत मिसरूड न फुटलेली पोरे सापडू लागली, तेव्हा शहर हादरले. हा प्रश्न पुण्यापुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार अल्पवयीन आरोपींविरुद्ध देशभरात तीस हजारांहून किंचित अधिक गुन्हे नोंदले गेले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र अग्रस्थानी राहिला. या विभागाच्या अहवालांत दरवर्षी दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र मथळ्यांत येत नाहीत. ताब्यात घेतलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले सोळा ते अठरा या वयातील असतात. आणि बहुसंख्य मुले अनाथ वा बेघर नसून आईबापांच्या छपराखाली राहणारी असतात. म्हणजे मुलगा घरात आहे, आईबाप हयात आहेत, तरी तो हातचा जात आहे. आणि जातो तो एका ठरावीक वयात.

त्या वयाचा विचार केला तर आपल्या व्यवस्थेतील एक मोठी फट नजरेस येते. शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेत धरून ठेवतो. नववीत हा आधार सुटतो, आणि दहावीच्या निकालाची चिंता वाहणाऱ्या शाळांना कच्चा विद्यार्थी नववीतच थोपविण्याचा मोह होतो. नववीत एकदा नापास झालेला मुलगा पुन्हा त्याच बाकावर आपल्याहून लहानांसोबत बसण्यास लाजतो आणि हळूहळू शाळेच्या हजेरीपटावरून उतरतो. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर धोक्याच्या नसलेल्या कामास त्याला मुभा आहे. पण हाती हुन्नर नसलेल्या पोरास काम मिळते ते तुटपुंजे आणि अस्थिर. अशा रीतीने शाळेचे दप्तर सुटले आहे आणि पोटाचा उद्योग लागलेला नाही, अशी दोन-तीन वर्षे त्याच्या वाट्याला येतात. या काळात त्याची चौकशी करणारा सरकारी अंमलदार कोणीही नसतो.

तथापि त्याची चौकशी करणारा दुसरा एक माणूस असतो. तो चहा पाजतो, मोटारसायकलीवर मागे बसवितो, फलकावर आपल्या छायाचित्राखाली पोराचेही छायाचित्र छापतो, आणि एखाद्या रात्री भर रस्त्यात कोयत्याने केक कापून वाढदिवस साजरा करतो, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत या पोराला पहिल्या रांगेत उभे करतो. घरात ज्याला ‘नापास’ याखेरीज बिरुद उरलेले नाही, त्याला येथे नाव मिळते. पुढे एक पुडी पोहोचवून ये, एक हत्यार रात्रभर सांभाळ, एवढेच सांगितले जाते; कारण मुलाला शिक्षा सौम्य असते हा हिशेब मोठ्यांनी आधीच केलेला असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्याच सोमवार पेठेत सापडलेल्या मेफेड्रोनच्या साठ्यापासून सुरू झालेला तपास दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत गेला आणि हा व्यापार पेठांच्या किती निकट येऊन पोहोचला आहे याची जाणीव झाली. बाल न्याय कायद्याच्या ७८ व्या कलमाने मुलाकरवी अमली पदार्थांची ने-आण करविणाऱ्यास, आणि ८३ व्या कलमाने मुलांना बेकायदा कृत्यांस जुंपणाऱ्या प्रौढास वा टोळीस, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. मुलावर ओरडणाऱ्या समाजाने ही दोन कलमे ठाण्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावण्याचा आग्रह धरावयास हवा.

मुलाचा गुन्हा प्रौढाच्या गुन्ह्याहून वेगळा मानावा, हा विचार आपल्याकडे अलीकडचा नव्हे. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने गरीब, निराधार वा किरकोळ अपराधात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलास एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची तजवीज केली होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारगृह उभे राहिले. १८९७ चा सुधारशाळा कायदा, १९२४ व १९४८ चे मुंबई मुलांचे कायदे, १९८६ व २००० चे केंद्रीय कायदे अशी परंपरा आज २०१५ च्या बाल न्याय अधिनियमापर्यंत आली आहे. त्यानुसार मुलाला बेडी घालता येत नाही, कोठडीत ठेवता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी एक स्त्री, असे हे मंडळ असते. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा आणि मुलाशी बोलताना त्याने गणवेश परिधान करू नये, असा दंडक आहे. घोर अपराध नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर प्राथमिक माहिती अहवालही नोंदविला जात नाही; ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरची परिस्थिती मंडळाला कळवावयाची असते. मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशन वा समाजसेवा सांगू शकते, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी धाडू शकते.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतले आणि चालविणाऱ्या अल्पवयीनास तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. तो संताप समजण्याजोगा होता. परंतु त्या कोलाहलात बाल न्याय म्हणजे धनिकांच्या मुलांसाठी काढलेली पळवाट, असा समज दृढ झाला, तो मात्र चुकीचा आहे. मंडळापुढे नित्य उभी राहतात ती मोबाइल चोरणारी, मारामारीत सापडलेली, कोणाच्या तरी सांगण्यावरून दुचाकी पळविणारी सामान्य घरांतील मुले. कायद्याने दिलेली सवलत त्यांच्यासाठी आहे. आणि तिचा खरा अर्थ असा की पहिल्या चुकीनंतर मुलाला काही अवधी मिळावा. तो अवधी सार्थकी लावण्याचे सामर्थ्य कायद्यात नाही. येरवड्याच्या निरीक्षणगृहातून किंवा मंडळाच्या दारातून सुटलेला मुलगा संध्याकाळी कसबा पेठेतच परत येतो, आणि त्या संध्याकाळी त्याला प्रथम कोण भेटते, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

पोलीस आणि वस्ती यांच्या सहकार्याने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि ठाण्याचा अंमलदार नियमाने एकत्र बसू लागले, किरकोळ तंटे वेळीच मिटू लागले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तेथील प्रश्न वेगळा होता, पण सूत्र हेच होते की ओळख संकटापूर्वी व्हावयास हवी. उलट केवळ दराऱ्यावर विसंबल्यास काय होते, हे पुण्याने घाशीराम कोतवालाच्या अमदानीत, १७९१ पर्यंत, पुरेपूर अनुभवले आहे.

लवकर हात देणे चांगले, हे तत्त्व मान्य झाले तरी कसा हात द्यावा याविषयी सावध राहावे लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात शेकडो मुलांना वर्षानुवर्षे समुपदेशक, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे पुरविण्यात आली. प्रयोग संपल्यावर तीसएक वर्षांनी, १९७८ मध्ये, जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा मदत मिळालेल्यांची गत मदत न मिळालेल्यांहून वाईट झाल्याचे आढळले; आणि पुढील विश्लेषणात हा अपाय मुख्यतः वारंवार शिबिरांना पाठविलेल्या मुलांत दिसला. वाट चुकलेली मुले एकत्र कोंडली की ती परस्परांचीच शागिर्दी पत्करतात. याउलट मिशिगनमधील पेरी बालशाळेत १९६२ पासून तीन-चार वर्षांच्या मुलांना उत्तम शिक्षिका आणि आठवड्याला एक गृहभेट मिळाली. प्रयोगातील एकूण १२३ मुलांच्या दोन गटांची चाळिसाव्या वर्षी तुलना केली असता, पाच वा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळेत गेलेल्यांत ३६ टक्के, तर न गेलेल्यांत ५५ टक्के निघाले. यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. हस्तक्षेप जितका लवकर व घराला धरून, तितका तो फलदायी. आणि बिघडलेल्यांचा वेगळा कळप करणे घातक. त्यांना चांगल्यांच्या संगतीत, मोठ्यांच्या नजरेखाली मिसळू देणे, हाच उपाय.

अशी संगत निर्माण करणारी एक संस्था पुण्याच्या पेठांत पूर्वापार आहे, आणि ती म्हणजे तालीम. पहाटे दार उघडते. मारुतीला नमस्कार करून पोरे लंगोट कसतात. ताक, तेल, हळद घालून मुरविलेली तांबडी माती फावड्याने उकरण्याचे काम सर्वांत धाकट्यांकडे असते. मग जोर, बैठका आणि अखेरीस लढती. तेथे वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच मातीत लोळतात, आणि वस्ताद रात्री जागरण करून आलेल्या पोरास त्याच्या दमावरून ओळखतो. मानाचा तिसरा गणपती ज्या गुरुजी तालमीचा, तिच्या उत्सवाची मुहूर्तमेढ १८८७ मध्ये शिंदे व नालबन या हिंदू आणि मुसलमान घराण्यांनी मिळून रोवली, हेही येथे स्मरणीय आहे. आता मात्र पुष्कळ तालमी ओस पडल्या, त्यांच्या जागी आरशांनी मढविलेल्या व्यायामशाळा आल्या. तेथे शुल्क भरणाऱ्याला दंड मिळतात, वस्ताद मिळत नाही.

दुसरी संस्था कारागिराची. तांबट आळीत तांब्याच्या घंगाळावर, बंबावर हातोडीने एकेक ठोका समान अंतरावर उमटवीत मठारकाम करणारे कारागीर अद्याप आहेत. ठोका चुकला की पत्रा लगेच सांगतो. सबब चालत नाही, आणि ठोका साधला की त्याची चकाकी कोणाच्या शिफारशीवाचून दिसते. नववीत ज्याला कोणी शाबासकी दिली नाही, त्याला ती येथे स्वतःच्या हातांनी मिळविता येते. १८५० च्या कायद्यातील सक्तीची उमेदवारी आज कोणाला नको. पण शाळा न तोडता, धोक्याचे काम टाळून, संध्याकाळचे दोन तास आणि योग्य मोबदला देऊन उमेदवारी घडविता येईल. ज्याची शाळा सुटलीच आहे त्याला खासगी उमेदवारासाठीचा सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसता येते, रात्रशाळेत जाता येते, पुढे औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे दार त्याला खुले होते. अडते ते एवढ्यावर की तो अर्ज आणून, भरून, मुदतीत पोहोचविणारे माणूस घरी नसते.

ते माणूस पेठेने द्यावे. गणेशमंडळांपाशी जागा आहे, वर्गणी आहे, कार्यकर्त्यांची फौज आहे. पण अनंतचतुर्दशीनंतर मंडळाच्या खोलीला जे कुलूप लागते ते बहुधा पुढल्या श्रावणातच निघते. ती खोली रोज संध्याकाळी उघडी राहावी. शाळेने सलग गैरहजर मुलाचे नाव ओरडून नव्हे तर हळूच एका विश्वासू वडीलधाऱ्याच्या कानी घालावे. फरासखाना ठाण्याच्या बालकल्याण अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा साध्या वेषात येऊन बसावे. परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या चौकशीसाठी एक ओळखीचे दार मिळावे. बालकावर संकट आल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असावे. आणि एक पथ्य कसोशीने पाळावे. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे. ‘वाया गेलेल्यांची’ यादी कोठेही, कोणीही करू नये.

गणेशमंडळाच्या वार्षिक अहवालात देखाव्याचा, विद्युत्‌रोषणाईचा, ढोलपथकाचा खर्च रुपये-पैशांनिशी छापलेला असतो. कसब्यातील आणि इतर पेठांतील कार्यकर्त्यांना विनंती अशी की येत्या वर्षी त्या जमाखर्चाखाली आणखी एक ओळ, नावांवाचून, घालावी : शाळा सुटलेली किती मुले या वर्षी पुन्हा शाळेत किंवा कामास लागली. ती संख्या आरंभी एक-दोनच असेल. पण ती छापण्याची जबाबदारी एकदा स्वीकारली की तिच्यामागे धावणे कोणालाही टाळता येणार नाही.