डांबर संपलं की

‘पंधरा वर्षं घाटातून गाडी चालवलीय, मातीचं काय घेऊन बसलात?’ असं म्हणणारा गडी बहुधा मुरमाच्या पहिल्याच उतारावर आडवा होतो. तोही ताशी दहा-बाराच्या वेगात. लागत फारसं नाही, वरमायला मात्र चांगलंच होतं. त्याला गाडी चालवता येत नाही असं नव्हे. डांबरावर अंगवळणी पडलेल्या सवयीच इथं आड येतात.

पहिली सवय हँडल आवळून धरण्याची. मुरमात पुढचं चाक खड्यांवरून जरा इकडं-तिकडं सरकणारच. मनगटं सैल असली तर ते आपलं आपण सावरतं. आवळली, की प्रत्येक झटका थेट खांद्यापर्यंत येतो आणि चालक नसतं वळण देऊन बसतो. फुटरेस्टवर उभं राहणं अनेकांना ‘शायनिंग’ वाटतं. पण उभं राहिलं की वजन सीटवरून पायांवर येतं, गुडघे धक्के गिळतात आणि पुढचा दगड दोन क्षण आधी दिसतो. वळणात डांबरावर चालकही गाडीबरोबर आत झुकतो. मातीत झुकवायची ती गाडी. अंग उभंच ठेवून बाहेरच्या फुटरेस्टवर भार द्यायचा. हे कळायला पाच मिनिटं लागतात, अंगात उतरायला दोन-तीन महिने.

‘मातीत पुढचा ब्रेक लावायचाच नाही’ हा सल्ला तर चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. त्याचं मूळ खरं आहे: वळवलेल्या चाकावर ब्रेक दाबला की गाडी गेलीच. पण उतारावर भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबलं तर ते लॉक होऊन घसरत राहतं, वेग मात्र मरत नाही. चाक सरळ असताना एका बोटानं, हळूहळू दाबलेला पुढचा ब्रेकच कामाला येतो. मागचं चाक मुद्दाम लॉक करण्याची गरजही कधी पडते. हिरो एक्सपल्स 200 ला चाक लॉक होऊ न देणारं एबीएस फक्त पुढच्या चाकाला होतं, त्यामुळं मागचं असं लॉक करता यायचं.

मोठं इंजिन हवंच, हाही असाच एक समज. डकार रॅलीत 450 सीसीवरच्या मोटारसायकलींना प्रवेशच नाही. केरळच्या हरिथ नोआनं 2024 मध्ये तिथं रॅली-2 गट जिंकला, एकूण क्रमवारीत अकरावा आला, तो याच मर्यादेतल्या गाडीवर. नवख्याला तर सीसीपेक्षा किलो महत्त्वाचे. हिमालयन 450 जवळपास दोनशे किलोची आहे. चिखलात तिसऱ्यांदा उचलताना तिचा प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो. एक्सपल्स 200 तिच्याहून चाळीसेक किलोंनी हलकी, खाली 220 मिलिमीटरची मोकळीक आणि पुढं 21 इंची चाक. शिकायला एवढं पुष्कळ झालं.

टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब फाटते. बुटांवर मात्र कंजुषी नको: गाडी पडताना घोटाच खाली सापडतो, आणि कॅनव्हासचा बूट तिथं काय अडवणार!

शेवटचा गैरसमज चालकाहून जमिनीला महाग पडतो. सडा म्हणजे ओसाड कातळ, कुठूनही गाडी घाला! त्या जांभ्यावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावरच जगतात. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं ते उगाच नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत. त्यांतली काही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. खाचांवर माती आणि गवत साचलेलं असलं, की जवळ उभ्या माणसालाही ती चटकन दिसत नाहीत. गाडीवरून जाणाऱ्याला कुठून दिसणार?