मुलाखतीत ‘गॉट अवे विथ इट’ म्हणताय? जरा थांबा!

कॉलेजचा प्रोजेक्ट सहज जमला, हे कॅम्पस मुलाखतीत इंग्रजीतून कसं सांगाल? ‘आय गॉट अवे विथ इट’ म्हणालात तर घोळ होईल. ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक किंवा लबाडी करूनही शिक्षेतून सुटणं. म्हणजे प्रोजेक्ट कॉपी केल्याची कबुलीच!

परीक्षा, मुलाखतीची फेरी असा टप्पा विनासायास पार केला, तर ‘सेल थ्रू’ किंवा ‘ब्रीझ थ्रू’ म्हणतात. पहिल्यात शिडाची होडी आहे, दुसऱ्यात वाऱ्याची झुळूक.

‘हँड्स डाउन’ मात्र जिंकण्याशी जोडलेलं आहे. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. विजय पक्का दिसला की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घ्यायचा. त्यामुळे ‘वी वन हँड्स डाउन’ बरोबर. प्रोजेक्ट ‘हँड्स डाउन’ पूर्ण केला, हे नाही. ‘वॉकओव्हर’ही रेसकोर्सवरचाच. मैदानात एकच घोडा उरला, तर तो नुसता चालत गेला तरी जिंकायचा.

क्रिकेटच्या बातम्यांत दिसणाऱ्या ‘केकवॉक’चा इतिहास कडू आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीत राबणारे कृष्णवर्णीय मालकांच्या ऐटीची नक्कल करत नाचायचे, उत्तम जोडीला केक मिळायचा. त्यामुळे काही जण हा शब्द टाळतात. ‘पीस ऑफ केक’ त्यापेक्षा नवा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकांच्या तोंडी रुळला. बोलताना चालतो, ईमेलमध्ये ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ बरा.

आणि आपला ‘हातचा मळ’? त्याचं शब्दशः इंग्रजी करू नका, समोरचा साबण आणून देईल.