बाळाला शीची वाटच नसेल तर...

बाळाचे वजन किती, रंग कोणाचा, नाक कोणावर गेले, अशी चौकशी घरोघरी होते. गुदद्वार जागेवर आहे ना, हे मात्र कोणी विचारत नाही. साधारण ५००० बाळांमागे एकाला ते नसते, अरुंद असते किंवा भलत्याच जागी उघडते.

भिलाईसारख्या गावात आता हे व्यंग म्हणजे नशिबाचा फेरा मानण्याचे कारण नाही. पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय गावातच आहे. सुमारे ३० किलोमीटरवरच्या रायपूरला २०१२ साली एम्स सुरू झाले आणि तेथे बालशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे. प्रश्न आहे तो व्यंग वेळेवर ओळखण्याचा.

जन्मताच बाळाची ही जागा नीट पाहून घ्यावी. पहिल्या २४ तासांत काळपट शी झाली नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली तर थांबू नये. मुलाच्या लघवीतून शी येणे हीही धोक्याची खूण आहे. मुलींमध्ये योनीजवळच्या छिद्रातून थोडी शी होते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटून महिने निघून जातात.

आतडे त्वचेजवळ येऊन थांबले असेल, तर खालूनच छोटी शस्त्रक्रिया पुरते. ते वरच थांबले असेल, तर आधी पोटावर शीसाठी तात्पुरती वाट करतात. काही महिन्यांनी मुख्य शस्त्रक्रिया होते आणि शेवटी पोटावरची वाट बंद करतात. मुख्य शस्त्रक्रियेसाठी डॉ. पेन्या आणि डॉ. डीव्हरीज यांनी १९८२ मध्ये मागून छेद घेण्याची पद्धत मांडली. २००० साली अमेरिकेतील डॉ. जॉर्जसन यांनी दुर्बिणीची पद्धत प्रसिद्ध केली. हीत पोटावर काही मिलिमीटरची छिद्रे पाडतात, मूत्रमार्गाला जोडलेले आतडे सोडवतात आणि स्नायूंच्या मधोमध खाली आणतात. मोठा छेद टळतो, स्नायू कापावे लागत नाहीत. मात्र दुर्बीण प्रत्येक बाळाला लागत नाही; निर्णय व्यंगाच्या प्रकारावर ठरतो.

हृदय, मूत्रपिंड आणि मणक्याची तपासणीही आवश्यक असते, कारण तेथेही दोष असू शकतात. पुढे शीवर किती ताबा येईल, हे मणक्याच्या खालच्या भागावर आणि स्नायूंवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर नवी वाट आक्रसू नये म्हणून काही महिने ती ठराविक सळईने रुंद ठेवावी लागते. हे काम घरीच करायचे असते आणि डॉक्टर ते आईवडिलांना शिकवतात. कंटाळून मध्येच सोडल्यास सगळ्या खटाटोपावर पाणी पडते.

अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे सुनेला विचारतात, "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" या व्यंगाशी ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. ओल्या बाळंतिणीला दोष देण्यात घालवलेला एकेक तास बाळाला महागात पडतो. तिला धीर द्यावा आणि बाळाला घेऊन ताबडतोब बालशल्यचिकित्सकाकडे निघावे.