पूल बांधणारा, गर्दी मोजणारा

केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना शिरीष पटेल हे नाव ठाऊक असतं. देशातल्या पहिल्या उड्डाणपुलांत गणला जाणारा हा पूल १९६५ साली खुला झाला, तेव्हा त्याचा आराखडा करणारा हा अभियंता नुकता तिशी ओलांडलेला होता. केंब्रिजचं शिक्षण, आफ्रिकेतल्या करिबा धरणावर आणि आपल्या कोयनेवर काम, मग मुंबईत स्वतःची सल्लागार संस्था. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. मधल्या साठ वर्षांत त्यांनी फीशिवाय केलेलं काम मात्र मोटारवाल्यांसाठी नव्हतं. गिरगाव, परळ, नायगावात पायी चालणाऱ्या माणसासाठी होतं.

पुलाच्याच वर्षी ‘मार्ग’ नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. नोकऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला. मग लोकल भरणारच. तेव्हा नोकऱ्याच पूर्वेला न्या, असा हिशेब. त्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि नियोजनाची सूत्रं पटेलांकडे आली. आपलाच सल्ला अमलात आणायची संधी सल्लागाराला क्वचितच मिळते. पण आधी सरकारने स्वतः खाडी ओलांडायला हवी होती. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उठले. वाशीला लोकल पोहोचायला १९९२ उजाडलं. आणि या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना १९८४ मध्ये जासईला पोलिसांच्या गोळ्या झेलाव्या लागल्या. नव्या मुंबईचं कौतुक करताना हे गाळता येत नाही.

मला मोलाचं वाटतं ते पटेलांचं उतारवयातलं काम. २००७ मध्ये अल्पा शेठ आणि नेहा पांचाळ यांच्यासह ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी एक लेख लिहिला. काळबादेवी, भुलेश्वर, चिराबाजार ज्यात येतात तो सी वॉर्ड त्यांनी मॅनहॅटनच्या शेजारी ठेवून पाहिला. आपल्याकडे सगळी चर्चा एफएसआयची: भूखंडावर किती बांधायचं? पटेल विचारत, त्या बांधकामात राहणार किती माणसं, आणि ती खाली उतरली की रस्त्यावर त्यांच्या वाट्याला किती जागा येणार? न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीतही माणशी जागा ऐसपैस असते, म्हणून तोच एफएसआय तिथे पचतो. गिरगावच्या एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात. तिथे मजले चढवले की रस्त्यावरची गर्दी वाढते, गल्ली मात्र तेवढीच. शाळा, मैदान, दवाखाना यांनाही हाच हिशेब लागू. इतकं सोपं गणित मांडायला इतका ज्येष्ठ अभियंता लागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

गिरणगावात हे गणित कुणी केलं नाही. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचं काय करावं, याचा अहवाल कोरिया समितीने १९९६ मध्ये दिला. तो बासनात गेला. लोअर परळला काचेच्या कचेऱ्या आल्या, स्टेशनांचे पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगरून २३ माणसं मेली.

बीडीडी चाळींबाबतही पटेल जाहीरपणे भांडले. १९२०च्या दशकात वरळी, ना. म. जोशी मार्ग, नायगाव, शिवडी इथे बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. त्या जागी पुनर्विकासात ५०० फुटांचं घर, तेही फुकट. मनोरे एकमेकांना इतके खेटून उभे राहणार असतील तर खालच्या मजल्यांना ऊन-वारा कुठून मिळणार, हा पटेलांचा आक्षेप बरोबरच होता. पण पहाटे संडासासमोर रांग लावण्यात तीन पिढ्या गेलेल्या रहिवाशाने तो का ऐकावा? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. दोन्ही खरं आहे, आणि माझ्याकडे याचा निवाडा नाही. मात्र चाळकऱ्याला घर देण्यासाठी विक्रीचे मजले चढवावेच लागतात, ही सरकारने स्वतःच घातलेली अट आहे; निसर्गाचा नियम नव्हे.

पटेलांच्याच पेशातल्या मराठी आरसीसी कन्सल्टंटांच्या छोट्या कचेऱ्या दादरच्या गल्ल्यांत आजही आहेत. त्यातले कित्येक जण माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शिकलेले. दिवसभर स्ट्रक्चरल ऑडिट, उपकरप्राप्त इमारतींचे टेकू, सोसायटीच्या कमिटीशी हुज्जत. त्यांना विचारलं जातं ते एवढंच: इमारत किती वर्षं टिकेल, बिल्डर किती फूट देईल? समोरच्या फुटपाथवर किती माणसं मावतील, असा रकाना कुठल्याही अर्जात नसतो. विचारलं तर ते सांगू शकतील. आकडेमोड त्यांना येते.