पर्जन्यरोधन, वनांतील

पावसाचे पाणी जमिनीवर पोहोचण्यापूर्वी झाडांची पाने, फांद्या, खोडे व जमिनीवरील पालापाचोळा यांवर अडविले जाण्याच्या क्रियेस पर्जन्यरोधन म्हणतात. अडलेल्या पाण्याचा काही भाग तेथूनच बाष्परूपाने वातावरणात परत जातो. उरलेले पाणी पानांवरून ठिबकून किंवा खोडावरून ओघळून खाली येते. मोकळ्या जागेत मोजलेला पाऊस व वनाखाली पोहोचलेले एकूण पाणी यांतील फरक म्हणजे रोधनामुळे होणारी घट होय. या विषयावरील पायाभूत लेख अमेरिकन जलवैज्ञानिक रॉबर्ट हॉर्टन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केला.

पर्णसंभार एका वेळी सर्वसाधारणपणे १ ते २ मिमी. इतकेच पाणी धरून ठेवू शकतो. त्यामुळे २ मिमी. ची हलकी सर बहुतांशी पानांवरच संपते, तर ६० मिमी. च्या मुसळधार पावसात ही घट नगण्य ठरते. उष्ण कटिबंधातील रुंदपर्णी वनांत वार्षिक पावसापैकी सामान्यतः १० ते २५ टक्के पाणी अशा प्रकारे परत जाते. खोडावरून उतरणारे पाणी बहुधा ५ टक्क्यांपेक्षा कमी असते.

रोधनाचे प्रमाण व परिणाम वनाच्या रचनेवर अवलंबून असतात. उंच वृक्ष, मध्यम वृक्ष, झुडपे, गवत व पालापाचोळा असे थर असल्यास पाण्याचा वेग टप्प्याटप्प्याने कमी होतो. केवळ उंच वृक्ष असून खालची जमीन उघडी असल्यास उलट परिणाम संभवतो. सागाच्या रुंद पानांवर थेंब एकत्र येऊन मोठे होतात व ८–१० मी. उंचीवरून पडताना जवळजवळ पूर्ण वेग गाठतात. त्यांच्या आघाताने मातीचे कण सुटतात व जमिनीची छिद्रे बुजतात.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याचा सेनगाव तालुका हे या दृष्टीने बोधप्रद उदाहरण आहे. पूर्णा व कयाधू या नद्यांच्या खोऱ्यांत मोडणाऱ्या या प्रदेशात बेसाल्ट खडक असून पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. येथील नैसर्गिक वने शुष्क पानझडी प्रकारची व विरळ आहेत. साग, धावडा, पळस, सालई यांसारखे वृक्ष उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. म्हणून वळवाच्या व मृगाच्या पहिल्या जोरदार सरी येतात तेव्हा वनछत्र पुरते भरलेले नसते आणि जमिनीचे रक्षण प्रामुख्याने पालापाचोळ्यावर अवलंबून राहते. उन्हाळी वणव्यात तो जळाला किंवा अतिचराईने गवत नष्ट झाले, तर झाडे उभी असूनही पाणी वेगाने वाहून जाते. बेसाल्टच्या भेगांतून विहिरींकडे झिरपणारे पाणी त्यामुळे घटते व नदीनाल्यांतून जलाशयांत गाळ जातो.

वने सर्व परिस्थितींत पाणी वाढवितात, ही समजूत मात्र बरोबर नाही. रोधन व बाष्पोच्छ्वास यांमुळे ती बरेच पाणी खर्चही करतात. कमी पावसाच्या प्रदेशात दाट लागवडीने ओढ्यांचा प्रवाह कमी होऊ शकतो. सच्छिद्र जमिनीमुळे वाढणारे मुरण या खर्चापेक्षा अधिक असेल, तरच भूजलास लाभ होतो. यास्तव वनीकरणाचे यश केवळ लावलेल्या झाडांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. त्यांखालील झुडपे, गवत व पालापाचोळा टिकविणे तितकेच आवश्यक असते.