जुनी जहाज-कंपनी, नवे वय

सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या सागरी सहलीची जाहिरात आईने वर्तमानपत्रातून कापून माझ्या टेबलावर ठेवली. कंपनी तीच होती, जिच्या जहाजातून २००८ मध्ये आई, बाबा, माझी पत्नी आणि मी असे चौघे गेलो होतो. जुना सभासद क्रमांक असलेले कार्डही तिने कपाटातून शोधून कात्रणाला टाचले होते. मी म्हणालो, "आई, आता तुझे वय अठ्ठ्याहत्तर आहे." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तू डॉक्टर आहेस, तेव्हा कसे जायचे ते सांग. जायचे की नाही, ते मी बघते."

माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत हाच संवाद थोड्याफार फरकाने होत असतो. मुले भीतीपोटी नकार देतात, किंवा प्रेमापोटी होकार देऊन जुन्या आठवणींच्या भरवशावर बॅग भरतात. मी स्वतः यांतील दुसरी चूक एकदा केली आहे, म्हणून त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

२००८ ची गोळी

त्या वर्षी आम्ही सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातून निघालो. फुकेतच्या वाटेवर पहिल्याच रात्री समुद्र थोडा खवळला आणि बाबांना बोट लागली. मी बॅगेतून प्रोमेथाझिनची गोळी काढून दिली. उलट्या थांबल्या, पण सकाळी बाबांना लघवी होईना. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, हे मला पूर्ण ठाऊक होते. अशा माणसाला ही गोळी दिल्यास लघवी अडू शकते, हे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. दवाखान्यात मी तो प्रश्न विचारल्याशिवाय गोळी लिहिली नसती. सहलीवर मी डॉक्टर नव्हतो, मुलगा होतो. जहाजावरील वैद्यकीय केंद्रात नळी घालावी लागली आणि सहलीचे उरलेले दिवस बाबा पिशवी सांभाळत बसले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण मी ते विसरलो नाही.

बोट लागू नये म्हणून घेतली जाणारी बहुतेक औषधे मेंदूतील संदेशवहन मंदावतात. तरुणांना त्यांनी थोडी गुंगी येते. वृद्धांमध्ये मात्र तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे, तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता आणि लघवी अडणे असे त्रास होऊ शकतात. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी काचबिंदूच्या काही प्रकारांत घातक ठरते. म्हणून औषध निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि शक्य असल्यास घरी एकदा घेऊन पाहावे. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोलीत हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसणे, पोट अगदी रिकामे न ठेवणे आणि आलेपाकाची वडी चघळणे हे उपाय साधे असले, तरी अनेकांना त्यांनी आराम पडतो. अंदमान समुद्रात मे ते ऑक्टोबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ असतो. आम्ही या वेळी फेब्रुवारी निवडला, तो त्यामुळेच.

मधल्या सोळा वर्षांत काय बदलले?

२०२४ मध्ये आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा जहाज नवे होते आणि धक्काही. मरीना बे येथील क्रूझ केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले आहे. जहाजाची लांबी तीनशे मीटरांहून अधिक होती. जेवणघरापासून खोलीपर्यंतचा रस्ता म्हणजे आमच्या कॉलनीची एक फेरीच.

या काळात सागरी सहलींच्या जगात दोन मोठे आघात झाले. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम कडक झाले. आपत्कालीन सराव आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच पूर्ण करावा लागतो. पूर्वी त्यासाठी चोवीस तासांची मुभा असे. दुसरा आघात साथीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस' हे ३,७११ माणसांचे जहाज विलगीकरणात ठेवले गेले आणि त्यांतील सातशेहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली. बंद जागा, सामायिक जेवणघरे आणि वृद्ध प्रवासी हे तिन्ही एकत्र आले की संसर्ग किती वेगाने पसरतो, हे तेव्हा जगाने पाहिले.

आईच्या शरीरातही तेवढेच बदल झाले होते. २०२१ मध्ये तिला हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. हृदयाची आकुंचनक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास आहे. रोज पाण्याची गोळी म्हणजे लघवीवाटे शरीरातील जादा पाणी काढणारे औषध, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कानात श्रवणयंत्र आणि हातात काठी. बाबांना जाऊन पाच वर्षे झाली होती. जहाज-कंपनीने जुना क्रमांक पाहून 'पुन्हा स्वागत' असे पत्र पाठवले. त्यांच्या नोंदीत आई अजून बासष्ट वर्षांची, निरोगी प्रवासी होती. पुनरागमनातला धोका नेमका इथेच असतो. कंपनीला आपली जुनी ओळख पटते, आपल्यालाही त्या जुन्या ओळखीनेच जावेसे वाटते, आणि शरीराची आजची स्थिती सांगायची कोणीतरी विसरते.

निर्णय कसा घेतला?

आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला. मागील तीन महिन्यांत दम वाढलेला नाही, छातीत दुखलेले नाही, औषधे बदललेली नाहीत, हे त्यांनी पाहिले. मग आम्ही एक साधी चाचणी केली. न थांबता दहा मिनिटे सपाटीवर चालणे आणि एक मजला जिना चढणे. पहिल्या दिवशी आई अर्ध्या जिन्यात थांबली. दोन महिने रोज संध्याकाळी हळूहळू अंतर वाढवत नेल्यावर ती पूर्ण मजला चढू लागली. जिन्याचा आग्रह मी धरला, कारण जहाजावर आग किंवा तत्सम संकट आल्यास लिफ्ट वापरता येत नाही. ज्यांना जिना मुळीच शक्य नाही, त्यांनी प्रवास टाळलाच पाहिजे असे नाही. मात्र नोंदणी करतानाच कंपनीला तसे कळवावे, म्हणजे संकटकाळी मदतीची व्यवस्था आधीच ठरते.

खोली निवडताना आम्ही खिडकीपेक्षा न्हाणीघराकडे लक्ष दिले. जहाजांवरील अनेक न्हाणीघरांना उंच उंबरा असतो. रात्री लघवीला उठणाऱ्या, पाण्याची गोळी घेणाऱ्या वृद्धासाठी तो उंबरा समुद्रापेक्षा धोकादायक आहे. उंबरा नसलेल्या आणि आधाराचे दांडे असलेल्या खोल्या असतात, पण मोजक्याच. त्या लवकर मागाव्या लागतात.

विम्याच्या अर्जात झटका, अँजिओप्लास्टी आणि सर्व औषधे स्पष्ट लिहिली. माहिती लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी निरुपयोगी ठरते. पूर्वीच्या आजारांना किती संरक्षण आहे आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. मोठ्या जहाजावर डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, प्राणवायू आणि प्राथमिक तपासण्या उपलब्ध असतात. अँजिओप्लास्टी किंवा मोठी शस्त्रक्रिया तेथे होत नाही. उपचारांचे पैसेही वेगळे द्यावे लागतात.

दुसऱ्या संध्याकाळची सूज

इतकी तयारी करूनही दुसऱ्या संध्याकाळी आईच्या पायांवर मोज्यांचे खोल वळ दिसले. व्यायामशाळेतील काट्यावर वजन दीड किलोने वाढलेले होते. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. दोन दिवस ती सूप, लोणचे आणि पापड आवडीने घेत होती. जेवणघरातील सूप, सॉस, चीज आणि तयार मांसात मीठ भरपूर असते, आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. अशा वेळी काय करायचे, हे तज्ज्ञांकडून आम्ही आधीच लिहून घेतले होते. त्यानुसार दोन दिवस पाण्याची एक गोळी जास्त दिली, जेवणात भात, उकडलेल्या भाज्या, दही आणि फळे ठेवली. ती रात्री आडवी झाल्यावर दम लागतो का, हे मी दोनदा उठून पाहिले. लागला नाही. चौथ्या सकाळी वजन पूर्ववत झाले.

हाच कागद नसता तर मी काय केले असते? बहुधा पुन्हा मुलगा होऊन एखादी गोळी दिली असती. हृदयाचा रुग्ण बरोबर असेल, तर दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, उशी वाढवावी लागणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही दिसल्यास जहाजाच्या डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

फुकेतला मोठी जहाजे बरेचदा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि लहान बोटीतून किनारा गाठावा लागतो. आईचे बालपण विजयदुर्गाजवळचे. मुंबईची आगबोट समुद्रात उभी राही आणि पडावातून उतरावे लागे, हे तिच्या चांगले लक्षात होते. हलत्या बोटीत पाऊल टाकण्यासाठी खलाशी हात देत होता. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघे जा. मी इथेच बसते." मी पत्नीला पाठवले आणि आईजवळ थांबलो. बाबा पिशवी सांभाळत बसले होते, तसाच तो डेक होता, तसाच किनारा. आम्ही फारसे बोललो नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांना उतरायचे होते रे इथे." मला उत्तर सुचले नाही. तिला ते अपेक्षितही नव्हते.

निघण्यापूर्वी हे तपासावे

* सर्व औषधे हातातील बॅगेत, मूळ वेष्टनात, किमान एक आठवडा पुरतील इतकी जास्त ठेवावीत.
* औषधांची यादी इंग्रजीत, मूळ रासायनिक नावांनी लिहावी. आपली भारतीय ब्रँड-नावे परदेशी डॉक्टरांना कळतीलच असे नाही.
* अलीकडच्या ईसीजीची प्रत जवळ असावी. जुना आलेख समोर असला, तर नवा बदल लगेच ओळखता येतो.
* झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे नेण्यास सिंगापूरसारख्या देशांत पूर्वपरवानगी लागू शकते. ती आधी तपासावी.
* इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकू नये. खोलीतील फ्रीज पुरेसा थंड आहे का, पाहावे.
* भारत आणि सिंगापूर यांच्या वेळेत अडीच तासांचा फरक आहे. गोळ्यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून आखून घ्यावे.
* जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुवावेत. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर केवळ सॅनिटायझर पुरेसे ठरत नाही.
* जुलाब लागल्यास पाण्याची गोळी आणि रक्तदाब व मधुमेहाची काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती, ते आधी लिहून घ्यावे.
* फ्लू आणि न्यूमोकोकल लसींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.
* आपत्कालीन सरावाच्या वेळी श्रवणयंत्र कानात असावे. रात्री ते आणि चष्मा हाताशी ठेवावा.

यादी लांबलचक वाटेल, पण एका संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून ती पूर्ण करता येते. त्या बैठकीत ज्येष्ठांना बोलू द्यावे. त्यांना कुठे जायचे आहे, यापेक्षा कशासाठी जायचे आहे, हे कळले की बरेच निर्णय सोपे होतात. आईला फुकेतच्या बाजारात जायचे नव्हते. आम्ही ते आधी विचारले असते, तर किनाऱ्यावरील भटकंतीचे पैसे भरलेच नसते.

घरी परतल्यावर आईने जुने कार्ड कपाटात जागच्या जागी ठेवले. औषधांची यादी मात्र तिने फ्रीजच्या दारावर लावली आणि वर तारीख घातली. गेल्या महिन्यात एक गोळी बदलली, तेव्हा तिने मला बोलावून जुनी ओळ खोडायला आणि नवी लिहायला लावली. शेजारी, त्याच चुंबकाखाली, वर्तमानपत्राचे आणखी एक कात्रण आहे.